तरुणांना आपण ख्रिस्ती लोक कसे दिसतो, हे ऐकायची बैठक कशी घ्यावी

चर्चमध्ये तरुण दिसेनासे झाले की चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीत तेच ते उपाय निघतात. गिटार आणू, पडद्यावर गाणी दाखवू, पाचगणीला शिबिर घेऊ. उपाय वाईट नाहीत, पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या पोरांना कुणी काही विचारलेलंच नसतं. चर्चबाहेरच्या पोरांना तर नाहीच नाही.

मी मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात नोकरी काढली, आता आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तरुण संघाचं बघते. पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची, हे मी पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवायची. तो ‘पोटात कालवतंय’ म्हणाला तर ‘पोटात कालवतंय’ असंच लिहायचं, आपलं निदान त्यात घुसडायचं नाही. पुढे सांगतेय ती पद्धत तिथूनच उचलली आहे. सातारा-सांगली भागातल्या कुठल्याही मंडळीला जमेल अशी आहे. खर्च चहा आणि भडंगाचा, बाकी लागते ती सहनशक्ती.

अमेरिकेचे आकडे अमेरिकेत ठेवा

पाळकांच्या शिबिरात बार्ना ग्रुप नावाच्या अमेरिकन संस्थेची एक पाहणी ऐकायला मिळते. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. चर्चबाहेरच्या १६ ते २९ वयाच्या मुलांना ख्रिस्ती लोक कसे वाटतात, हे त्यात विचारलं होतं. ९१ टक्के म्हणाले, समलिंगी माणसांच्या विरोधात असतात. ८७ टक्के म्हणाले, दुसऱ्याला नावं ठेवतात. ८५ टक्के म्हणाले, ढोंगी. ७५ टक्क्यांना त्यांची राजकारणातली लुडबुड खटकत होती.

ऐकून पाळकसाहेब मान हलवतात आणि घरी येऊन त्याच विषयांवर प्रवचन करतात. पण तो देश निराळा. तिथं ख्रिस्ती बहुसंख्य, शेजारी-पाजारी सगळे तेच. आपल्या राज्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती. तासगाव किंवा कोरेगावकडच्या कितीतरी पोरांच्या वर्गात ख्रिस्ती मूल कधी नव्हतंच. त्यांचं मत बनलेलं असतं सिनेमातल्या गोव्याच्या दारुड्या पात्रावरून, मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओवरून, नाहीतर गल्लीत कधीतरी झालेल्या प्रार्थनासभेच्या भोंग्यावरून. मिरजेत आणखी वेगळं, इथं ख्रिस्ती म्हणजे ‘मिशन’ आणि मिशन म्हणजे दवाखाना. पाचगणीकडे ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी शाळा आणि तिची फी. तेव्हा आपल्या गावात काय चाललंय ते आपल्याच गावात विचारावं लागतं.

कुणाला बोलवायचं

चर्चबाहेरची मुलं आणि चर्चमधली मुलं एका बैठकीत बसवू नका. एकत्र बसली की बाहेरची भीडेनं गोड बोलतात आणि आपली पोरं आईबापांची वकिली करायला लागतात. पहिली बैठक बाहेरच्यांची घ्या, आपल्यांची नंतर.

आठ-दहा जण पुष्कळ झाले. तरुण संघातल्या प्रत्येकानं आपला एकेक मित्र किंवा मैत्रीण आणायची. सगळे एकाच कॉलेजचे नकोत. विलिंग्डनचा एखादा, वालचंदचा एखादा, नर्सिंगची एखादी मुलगी, कुपवाड एमआयडीसीत कामाला जाणारा एखादा, अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसणारा एखादा असा मेळ घाला. सांगलीत जैन आणि लिंगायत घरं भरपूर, बौद्ध आणि मुसलमान मुलंही आहेत. तीही आली पाहिजेत, कारण आपल्याबद्दल प्रत्येक घरात वेगळं बोललं जातं.

निमंत्रणात काही लपवू नका. ‘गाण्याचा कार्यक्रम आहे, ये’ म्हणून मित्राला आणायचं आणि मग तासभर प्रवचन ऐकवायचं, असे प्रकार आपल्यात होतात. ज्याला असं आणलं तो त्या मित्रावर परत विश्वास ठेवत नाही. आम्ही व्हॉट्सअॅपवर असं पाठवतो: ‘शनिवारी संध्याकाळी साडेसात, गच्चीवर चहा-भडंग. ख्रिस्ती लोकांबद्दल तुम्हाला काय वाटतं ते ऐकायचंय. प्रवचन नाही, प्रार्थना नाही, वर्गणी नाही. चर्चची तीन मोठी माणसं असतील, ती फक्त ऐकतील.’

‘प्रार्थना नाही’ यावर कुणीतरी पंच नक्की अडून बसणार. म्हणावं, घरून प्रार्थना करून या. मी तेच करते.

जागा चर्चच्या आवाराबाहेरची हवी. पंचांचं घरही नको, तिथं सुनेला चहा करायला लावतात आणि पोरं अवघडून बसतात. वेळ ठरवताना पाळ्यांचा विचार करा. दुसऱ्या पाळीचा मुलगा रात्री अकराला सुटतो, त्याची पहिली पाळी असेल तो आठवडा धरा. रविवारी सकाळी तर अजिबात नको.

मोठी माणसं तिघांपेक्षा जास्त नकोत, त्यांत एक तरी बाई हवी. पाळकसाहेब पहिल्या बैठकीला आले नाहीत तर उत्तम. झगा नसला तरी पाळक तो पाळक, पोरं सावरून बसतात.

काय विचारायचं, कसं विचारायचं

‘आमच्याबद्दल तुमचं मत काय?’ असं तोंडी विचारलंत की उत्तर ठरलेलं: ‘चांगले असतात, शांत असतात, शिकलेले असतात.’ चहा पाजणाऱ्याला कोण वाईट बोलणार?

म्हणून आधी चिठ्ठ्या. सगळ्यांना सारखे कागद, सारखी पेनं, नाव लिहायचं नाही. पहिला प्रश्न, ‘ख्रिश्चन म्हटलं की डोळ्यासमोर पटकन काय येतं?’ दुसरा, ‘ओळखीच्या ख्रिस्ती माणसाचं कोणतं वागणं खटकलं?’ तिसरा, ‘कोणतं आवडलं?’ खटकलेलं आधी विचारायचं, आवडलेलं नंतर. उलट केलंत तर कौतुक करून झाल्यावर कुणाचा वाईट लिहायला हात होत नाही.

चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या आणि तरुण संघातल्या पोरानं मोठ्यानं वाचायच्या. जे लिहिलंय ते तसंच वाचायचं. ‘बाटगे’ लिहिलं असेल तर ‘बाटगे’. मोठ्या माणसांनी मध्ये बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. गैरसमज असला तरी त्या दिवशी दुरुस्त करायचा नाही. हे सगळ्यात अवघड. आमचे एक काका, रिटायर्ड हेडमास्तर, चिठ्ठी ऐकून उठायलाच लागले होते. मी त्यांच्या हातात भडंगाची बशी दिली. तोंडात भडंग असलं की माणूस गप्प बसतो.

एखाद्या चिठ्ठीवर आणखी ऐकायचं असेल तर एवढंच म्हणायचं, ‘असं कधी झालं होतं ते कुणी सांगेल का?’ ज्यानं लिहिलं त्यानंच सांगावं असं नाही. बरेचदा दुसराच कुणीतरी सांगतो आणि मग गच्ची बोलायला लागते. एकजण सगळं लिहून घेतो, त्यांच्याच शब्दांत.

तासाभरात आवरतं घ्या. जाताना पोरांना सांगा की तीन महिन्यांनी परत बोलावू आणि काय केलं ते सांगू.

चिठ्ठ्यांत काय निघतं

आपल्या भागात पहिला शब्द बहुतेक वेळा पैसा असतो. ‘परदेशातून पैसे येतात ना तुम्हाला?’ ‘धर्म बदलला की किती मिळतात?’ आपल्याला हसू येतं किंवा राग येतो, कारण आपण दर रविवारी अर्पणाच्या थैलीत दहा-दहाच्या नोटा पाहिलेल्या असतात. पण पोराला कसं कळणार? त्याला हिशेब कुणी दाखवलाय? खरं सांगायचं तर हिशेब आपल्याच पोरांनाही कुणी दाखवलेला नसतो.

यावर भाषण करू नका, फळ्यावर कागद लावा. दर महिन्याला जमा किती, खर्च किती, पाळकांचा पगार किती, वीजबिल किती. फळा दारात असावा, आत वेदीजवळ नव्हे. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०१० च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, हे आपल्या तरुण संघाला माहीत असू द्या. म्हणजे वर्गातल्या कुणी विचारलं तर ‘आम्हाला काय माहीत’ असं गुळमुळीत उत्तर जाणार नाही. आणि जिथं जमिनीवरून कोर्टात भांडणं चालू आहेत तिथं ती लपवू नका. गावाला आधीच ठाऊक असतात.

धर्मांतराची चिठ्ठी निघतेच. इथं दोन गोष्टी वेगळ्या करून पोरांना शिकवा. घटनेच्या पंचविसाव्या कलमानं आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि सांगायचाही हक्क प्रत्येकाला दिलाय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं, सांगायचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मात ओढायचा हक्क नव्हे. आपल्या मुलांना यातलं पहिलंच माहीत असतं, समोरच्याला दुसरंच. दोन्ही माहीत असलेलं पोर शांतपणे बोलतं.

पण कायद्यापेक्षा वागणं जास्त दिसतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. मदत सगळीकडून आली, चर्चकडूनही. धान्याच्या पिशवीत डाळ-तांदळाबरोबर धर्मप्रचाराची छापील पत्रिका टाकायची खोड आपल्यातल्या काहींना आहे. देणाऱ्याच्या मनात पाप नसेल. पण ज्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, ज्याची गादी, फ्रीज, पोरांची पुस्तकं गेली, त्यानं पिशवी उघडली आणि हाताला पत्रिका लागली, तर त्याला ते बिल वाटतं. माझं मत साफ आहे: मदतीच्या पिशवीत पत्रिका नको, पिशवीवर वचन नको, बॅनर धरून फोटो नको. कुणी विचारलंच कुठून आलात, तर सांगावं चर्चकडून आलो.

‘प्रसाद घेत नाहीत, शिष्ट आहेत’ ही चिठ्ठी तुम्हाला किरकोळ वाटेल. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हे दुखणं खरोखर मित्रामित्रांमधलं आहे. गणपतीत कॉलेजात आरती होते, मैत्रीण मोदक पुढं करते, आपली मुलगी हात पाठीमागं घेते आणि म्हणते, ‘आमच्यात चालत नाही.’ मैत्रिणीला वाटतं, आपल्या हातचं हिला विटाळाचं वाटलं. आमच्या गच्चीवर एका मुलीनं हेच सांगितलं आणि पुढे म्हणाली, ‘सिस्टर, आम्ही तुमच्या नाताळच्या करंज्या डबे भरून नेतो की.’ यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

घ्यावं की न घ्यावं यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही आणि मी इथं निकाल देणार नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय तरुणांबरोबर बसून वाचा. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न पौलापुढंही होता आणि त्यानं एका ओळीत उत्तर दिलेलं नाही. समोरच्याच्या मनाला काय होईल याचा विचार त्यानं दोन्ही बाजूंनी केलाय. मुलांना वाचू द्या, वाद घालू द्या. न घेणाऱ्या मुलीला मात्र न दुखवता नाही म्हणायला शिकवा. मागं सरकून, नाक मुरडून नव्हे, जवळ जाऊन. ‘मी प्रसाद घेत नाही गं, राग मानू नकोस. पण तुझ्या आईच्या हातची पुरणपोळी खायला रविवारी येणार, ठेव माझ्यासाठी.’ आणि रविवारी खरंच जायचं. न जाता नुसतं बोलणं म्हणजे पुढच्या चिठ्ठीची सोय.

‘नाव मराठी, आडनाव मराठी, मग ख्रिश्चन कसे?’ किंवा जरा टोचून, ‘कागदावर एक, घरी एक.’ इथं मोठी माणसं ओशाळतात आणि विषय बदलतात. बदलू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गल्लीतला जातिभेद संपला नाही, सवलत मात्र गेली. ज्या घरात कागद आणि देव वेगळे राहिले, त्यामागं ही कोंडी आहे. कायद्याविरुद्ध वागा असं कुणी सुचवू नये, पण त्या घरातल्या पोराला व्यासपीठावरून ‘दुटप्पी’ म्हणणं बंद करा. त्याच्याशी एकट्यात बोला, लागलं तर वकिलाकडं घेऊन जा. आणि लग्न जुळवताना मंडळीतल्या मंडळीत जात कोण कोण विचारतं, हेही त्याच वेळी स्वतःला विचारा. पोरांना ते आपल्या आधी कळलेलं असतं.

‘हात ठेवून कॅन्सर बरा करतात.’ इथं माझ्यातली नर्स जागी होते. प्रार्थना करा, मीही आजाऱ्याच्या उशाशी बसून करत आले. पण साखरेच्या पेशंटला इन्सुलिन सोडायला सांगणाऱ्या माणसाला आपल्या व्यासपीठावर उभं करू नका, कितीही गर्दी जमवत असला तरी. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर औषधोपचार घेण्यापासून कुणाला रोखणं त्यात गुन्हा आहे. ज्या मिरजेत एका मिशनऱ्यानं मोठा दवाखाना उभा केला, तिथं ख्रिस्ती माणसानं औषधाच्या विरोधात बोलावं?

मिशनऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. बाहेरची पोरं काही खटकणारं बोलली की आपल्या तोंडात लगेच वॉनलेससाहेब येतात. विल्यम वॉनलेस १८८९ ला आले, १८९४ ला मिरजेत दवाखाना सुरू झाला, कुष्ठरोग्यांची सोय झाली, क्षयरोग्यांची झाली, सांगली-मिरज रस्त्यावर वॉनलेसवाडी अजून नाव टिकवून आहे. सगळं खरं. साताऱ्याकडे वाईच्या मिशन दवाखान्याचं असंच सांगतील. पण एका चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? ‘जुनं सांगता, आत्ता काय करता?’ हे वाचल्यावर मी तरी इतिहास सांगणं कमी केलं. मुलांनी विचारला तर सांगते.

भोंग्याची तक्रार आली तर वाद नको, आवाज कमी करा. रात्री दहानंतर तर कायद्यानंच बंद.

समलिंगी मुलामुलींचा प्रश्न इथल्या चिठ्ठ्यांत क्वचित येतो, पण येतो. ६ सप्टेंबर २०१८ पासून ते नातं आपल्या देशात गुन्हा नाही. मंडळीची शिकवण काय ती असो, विचारणाऱ्याला सगळ्यांसमोर तपासायला घेऊ नका. तो स्वतःबद्दल विचारत असू शकतो.

आपल्या घरातल्या पोरांची बैठक

ही नंतर घ्या आणि इथं त्यांचे आईबाप अजिबात नकोत. चिठ्ठ्या त्याच, प्रश्न थोडे वेगळे: ‘रविवारी यायचा कंटाळा कधीपासून आला?’ आणि ‘चर्चमधली कोणती गोष्ट मित्राला दाखवायची लाज वाटते?’

प्रवचन लांब, गाणी जुनी, एवढंच निघेल असं तुम्हाला वाटत असेल. ते निघतं, पण तळाला. वर असतात माणसं. दारातल्या मावशी. उपासना संपली की सत्तावीस वर्षांच्या मुलीला धरायचं, ‘काय गं, कधी देतेस लाडू?’ नोकरी गेलेल्या मुलाला विचारायचं, ‘अजून घरीच का?’ निवडणुकीत एकमेकांची लक्तरं काढणारे पंच पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला शेजारी बसतात, तेही पोरं बघतात. दारूवर प्रवचन करणारे कुठल्या लग्नात कसे नाचले याचे व्हिडिओ पोरांच्या मोबाईलमध्ये असतात, हेही पंचांनी लक्षात ठेवलेलं बरं.

दारातल्या मावशींचं काय करायचं? मी स्वतः त्या वयाची, म्हणून हक्कानं सांगते: स्त्री संघात उघड बोला. लग्न, नोकरी, मूलबाळ आणि वजन, हे चार विषय चर्चच्या दारात बंद. मग बोलायचं काय, असं एकीनं खरंच विचारलं. म्हटलं, ‘चहा घेतलास का?’ असं विचारा. तेवढं पुरतं.

पुण्याला हिंजवडीत गेलेली आणि फक्त नाताळला येणारी पोरं बैठकीला मिळत नाहीत. त्यांना फोन करा. ‘तिकडं चर्चला जातोस का?’ हा प्रश्न सोडून काहीही विचारा. तिसऱ्या फोनला ते आपणहून सांगतात.

मंडळीसमोर काय ठेवायचं

दोन्ही बैठकांचे कागद घेऊन पंचांसमोर बसा. चिठ्ठ्या मूळ दाखवू नका, लहान गावात अक्षर ओळखू येतं. उतरवून घ्या आणि मूळ फाडून टाका. प्रवचनात तर त्यातलं एक वाक्यही नको. ‘एका तरुणानं असं म्हटलं’ अशी सुरुवात झाली की अख्खी मंडळी मागं वळून तो कोण ते शोधते.

मग फक्त दोन गोष्टी निवडा ज्या तीन महिन्यांत बदलता येतात. हिशेबाचा फळा ही एक होऊ शकते. दुसरी, महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास प्रश्नोत्तरं, ज्यात पाळकांना ‘मला माहीत नाही’ म्हणायची मुभा असेल. किंवा पंचांच्या समितीत पंचविशीच्या आतले दोघे, चहा-सतरंजीच्या कामाला नव्हे तर मत द्यायला. दहा गोष्टींचा ठराव केलात तर एकही होणार नाही, हे आपल्या ठरावांचं जुनं वळण आहे.

काही गोष्टी बदलणार नाहीत, त्याही स्वच्छ सांगा. ख्रिस्ताचं नाव आपण सांगणार. बाप्तिस्मा मागणाऱ्याला शिकवणी देऊन, वेळ देऊन, त्याच्या मर्जीची खात्री करून बाप्तिस्मा देणार. लपवाछपवीपेक्षा हे तरुणांना चालतं. ज्याला बाप्तिस्मा नकोय पण येऊन बसायला आवडतं, त्याच्यासाठी जागा ठेवायला हरकत काय? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही सामावून घ्यायचं ठरवलं होतं. भजन-अभंगाच्या वळणाची त्यांची पदं आपण दर रविवारी गातो. बाहेरच्या पोरांना आपल्या उपासनेतलं काय जवळचं वाटतं असं विचारलं तर तीच गाणी निघतात, पेटी-तबल्यावरची. ज्यांच्या घरी हरिपाठ चालतो त्यांना ती चाल ओळखीची. ‘गाणी जुनी’ म्हणणारी आपली पोरं तेव्हा जरा चमकून बघतात. गिटार आणायची तर आणा, पेटी माळ्यावर टाकू नका.

परत बोलवा

तीन महिने म्हणालात तर तीन महिन्यांनीच. तीच पोरं, तीच गच्ची. या वेळी बैठक तरुण संघातल्या मुलीनं किंवा मुलानं चालवावी आणि पाळकसाहेबांनी यावं. काय ऐकलं, काय केलं, काय जमलं नाही, काय करणार नाही, एवढंच दहा मिनिटांत सांगायचं. फळ्याचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवायचा. मग गैरसमजांची उत्तरं, पण ज्यांची त्यांनी विचारली तरच. पहिल्या वेळी ज्यांनी गोडगोड लिहिलं होतं, ती पोरं खरं काय ते दुसऱ्या वेळी लिहितात, म्हणून कोरे कागद पुन्हा ठेवा.

तारखा ठरवताना जून-जुलै टाळा, अॅडमिशनची धावपळ असते. सप्टेंबरच्या आसपास गणपती, मग सेमिस्टरच्या परीक्षा, मग दिवाळी, आणि डिसेंबर आपलाच. जानेवारीच्या शेवटी पहिली आणि एप्रिलच्या शेवटी दुसरी घेतलीत तर गच्चीवर वाराही बरा असतो. एप्रिलमध्ये चहाऐवजी कोकम सरबत करा.